अकोट्याचा गुरुवार

काटकरांच्या घरात दारूला दारू म्हणत नसत. औषध म्हणत. तेही मोठ्याने नाही. "बाईसाहेबांचं औषध आणलं का?" एवढंच कोणीतरी कोणाला तरी विचारी, आणि तेवढ्यात सगळ्यांना सगळं समजे.

बाईसाहेब म्हणजे विजयमाला. इंदूरकडच्या मानकऱ्यांची मुलगी, लग्न होऊन बडोद्यात आली. सासरे गायकवाड सरकारच्या शिलेदारांपैकी. त्यांच्या मागे घोडी गेली, सरकारी नेमणुकीचे पैसे तेवढे उरले, आणि विजयमालाचे यजमान प्रतापसिंहराव सरकारच्या फरासखान्यात अंमलदार झाले. दरबार भरायचा असो की कोणा पाहुण्या संस्थानिकाची सरबराई असो, तंबू ठोकून घेणं, गालिचे अंथरून घेणं, कोणाची बैठक कुठे हे पाहणं हे त्यांचं काम. माणूस शांत, नेटका. अंथरलेल्या जाजमाला सुरकुती दिसली तर त्यांना जेवण जात नसे.

घरात गोषा होता. बडोद्यात तेव्हा मुली पाटीदप्तर घेऊन उघड्या तोंडाने शाळेत जात होत्या, बायकांच्या सभा होत होत्या, पण मांडवीपासून चांपानेर दरवाजाकडे जाणाऱ्या गल्लीतल्या काटकरांच्या माडीला चिकाचे पडदे होते ते होतेच. विजयमाला बाहेर पडे ती बैलांच्या झाकलेल्या दमणीतून, आणि तीही देवाला नाहीतर हळदीकुंकवाला.

मानमोडीची साथ आली त्या वर्षी तिला दिवस भरत आले होते. ताप तिलाही आला आणि सासूबाईंनाही. बाळ जन्माला आलं ते गेलेलंच. तिला शुद्ध अशी नव्हतीच. अशक्तपणा फार होता म्हणून डॉक्टरांनी ब्रँडी सांगितली, गरम पाण्यातून दोन चमचे, दिवसातून तीनदा. किती दिवस घ्यायची हेही त्यांनी सांगितलं असेल. पण डॉक्टरांशी बोलत असत त्या सासूबाई, आणि त्या आठवड्याभरात गेल्या. औषध कधी थांबवायचं हे ऐकलेलं माणूसच घरात राहिलं नाही.

दोन चमच्यांचं फुलपात्र झालं. विजयमालेला ती चव कधीच आवडली नाही. पण घोट पोटात गेला की तिच्यात आणि बाकीच्या घरात कोणीतरी कापसाची गादी उभी करून ठेवल्यासारखं होई. पलीकडून आवाज येत, पण लागत नसत. पहिली काही वर्षं घोट घेतल्यावर तसं होई. पुढे पुढे न घेताही तसंच असे, आणि घोट फक्त हात कापू नयेत म्हणून लागे.

ती वेडंवाकडं वागली असं कधी झालं नाही. सण-वार, नैवेद्य, पाहुण्यांची उठबस, सगळं होई. ओटी भरताना एखादीचं नाव ती विसरे, इतकंच. प्रतापसिंहराव संध्याकाळी येऊन तिला दिवसभराचं सांगत. अमुक शामियान्याची कनात फाटली, तमुक दिवाणखान्यातला गालिचा कसर लागून गेला. ती हं हं म्हणे. बाळाबद्दल दोघंही कधी बोलले नाहीत. दुसरं मूल झालं नाही.

ब्रँडी प्रतापसिंहराव स्वतः मांडवीतल्या विलायती औषधांच्या दुकानातून आणत. एक दिवस दुकानदाराने चार गिऱ्हाइकांसमोर काळजीने विचारलं, बाईसाहेबांना अजून बरं नाही का? त्या दिवसापासून ते तिथे गेले नाहीत. घरी ते काही बोलले नाहीत. फक्त बाटली संपली आणि नवी आली नाही.

तेव्हा विजयमालाने गंगाबाईला पाठवलं.

गंगाबाई घरातली जुनी बाई. विधवा, पन्नाशीची, सासूबाईंच्या हाताखाली तयार झालेली. तिने ब्रँडीची रिकामी बाटली पदराखाली घेतली आणि गेंडीगेटबाहेरच्या दारूच्या पिठ्यावरून मोहाची भरून आणली. वास उग्र होता. विजयमालाने लिंबू पिळून ती घेतली आणि तिला बरंही वाटलं नाही की वाईटही. त्यानंतर तेच चालू झालं.

बाटली नेहमी बोटभर कमी यायची. भरताना गळ्यापर्यंत भरत असणार हे विजयमालेला कळत होतं, आणि वाटेत कुठे जाते तेही कळत होतं. दोघी त्यावर कधी बोलल्या नाहीत. एकीने दुसरीचं झाकावं असा न बोलता ठरलेला व्यवहार होता तो.

आणि मग एका थंडीत बाटली काठोकाठ येऊ लागली.

पहिल्या वेळी विजयमालेला वाटलं, चुकून झालं असेल. पुढच्या वेळीही तसंच. गंगाबाईचे डोळे निवळल्यासारखे दिसत होते, आणि गुरुवारी दुपारी ती कुठेतरी जाऊन येत होती. शेवटी एका दुपारी विजयमालाने विचारलं.

"हल्ली बाटली भरलेली येते."

गंगाबाई कपड्यांच्या घड्या करत होती. तिने हातातलं लुगडं खाली ठेवलं. "होय बाईसाहेब."

"पूर्वी येत नव्हती."

"नव्हती." मग ती जमिनीवर बसली. "मी सोडली. म्हणजे सध्या स्वतःला धरून ठेवलंय. अकोट्याला बायका बसतात, तिथं जाते."

"कसल्या बायका?"

"पिणाऱ्या," गंगाबाई म्हणाली. "काही पीत होत्या, काही अजून पितात."

मग तिने सगळं सांगितलं. दिवाळीनंतर ती विश्वामित्रीच्या घाटावर पडली होती. रेवा नावाच्या धोबिणीने तिला उचललं, तोंड धुतलं, आणि घरी न सोडता नदीपलीकडे अकोट्याला नेलं. तिथे मंदाकिनीबाई म्हणून एक बाई राहतात. कारकुनाच्या घरातल्या, लहानपणी विधवा झालेल्या, सरकारी खर्चाने शिकून नर्स झालेल्या. दवाखान्यातल्या स्पिरिटची त्यांना सवय लागली आणि त्यातच नोकरी गेली. त्यांचे कपडे रेवा धुवायची. धोबिणीला कपड्याच्या वासावरून घरातलं सगळं कळतं. एकदा रेवा त्यांना म्हणाली होती, बेन, माझ्या कपड्यांनाही हाच वास येतो. त्या दिवशी त्या दोघी ओट्यावर बसून राहिल्या, दिवे लागेपर्यंत, काही न पिता. तिथून ते सुरू झालं. पुढे आणखी बायका येत गेल्या.

"तिथं करतात काय?" विजयमालाने विचारलं.

"शेंगा सोलतात," गंगाबाई म्हणाली.

विजयमाला का गेली हे तिला पुढेही कधी नीट सांगता आलं नाही. सुटायचं होतं म्हणून, असं म्हणणं खोटं झालं असतं. सुटून कुठे जायचं हेच तिला माहीत नव्हतं. गुरुवारी दत्ताला जाऊन येते असं तिने घरात सांगितलं, गंगाबाईला दमणीत घेतलं, आणि गाडीवानाला पुलापलीकडे चल म्हणाली.

पुलावरून जाताना तिने पडदा बोटभर सरकवला. खाली वाळूवर एक मगर तोंड उघडं टाकून उन्हात पडली होती, आणि तिच्यापासून थोड्या अंतरावर बायका धुणं आपटत होत्या. कोणालाच कोणाचं काही नव्हतं. विजयमालाने पडदा सोडला.

मंदाकिनीबाईंचं घर कौलारू, पुढे लिंबाचं झाड, मोठा ओटा. ओट्यावर सात-आठ बायका गोल बसल्या होत्या आणि मधे तुरीच्या हिरव्या शेंगांचा ढीग. शेंगा चिमणाबाईच्या. ती पादरा गावाहून छोट्या आगगाडीने येई आणि सोललेले दाणे संध्याकाळी मांडवीत विकून परत जाई. सगळ्याजणी तिच्या शेंगा सोलत. हात गुंतलेले असले की कापताना दिसत नाहीत.

विजयमाला खाली उतरली तशी ओट्यावरचं बोलणं थांबलं. तिच्या अंगावर महेश्वरी लुगडं होतं, नाकात नथ होती. रेवा अर्धवट उठली. मोठ्या घरची बाई आली की उठायचं, ही हाडात मुरलेली सवय. मंदाकिनीबाईंनी तिला हाताने खाली बसवलं.

"आवो बेन, बेसो," त्या विजयमालेला म्हणाल्या. मग मराठीत म्हणाल्या, "इथं कोणी उठत नाही. इथं सगळ्या बेनच, बहिणी."

त्या उंच, वाळलेल्या, पांढऱ्या पातळातल्या बाई होत्या. त्यांनी शेंगांची एक ओंजळ विजयमालेपुढे ठेवली आणि ती बसली.

मग एकेक बोलू लागली. फार नाही, चार वाक्यं. चिमणाबाई म्हणाली, या आठवड्यात घेतली नाही, पण पिठ्यावरून जाताना पाय जड झाले. रेवा म्हणाली, सोमवारी घेतली. नवरा घरात भरून ठेवतो, तिने मडकं फोडलं तर तो तिला फोडेल. कोणी तिला असं कर, तसं कर म्हणालं नाही. कोणी च् च् केलं नाही. बोलणारी थांबली की बाकीच्या म्हणत, "ऐकलं, बेन." आणि पुढची बोले.

विजयमालेची पाळी आली तेव्हा तिने मान हलवली. नाही.

"ऐकलं, बेन," सगळ्या म्हणाल्या, आणि पुढची बोलू लागली.

घरी येऊन तिने नेहमीइतकीच घेतली. तिला काही वाटलं नव्हतं. नखात शेंगांचा हिरवा डाग राहिला होता तो तिने संध्याकाळभर पाहिला.

पुढच्या गुरुवारी ती पुन्हा गेली. त्याच्या पुढच्याही. न बोलता बसायची, सोलायची, परत यायची. एकदा मंदाकिनीबाईंनी तिला बाजूला घेऊन विचारलं, दिवसाला किती लागते. तिने बोटांनी बाटलीचं माप दाखवलं. एकदम सोडू नका, त्या म्हणाल्या. एकदम सोडलेल्या बाया त्यांनी दवाखान्यात पाहिल्या होत्या, त्यातल्या सगळ्या उठल्या नव्हत्या. त्यांनी एक उपाय सांगितला. बाटलीला दोरा बांधायचा. रोज सकाळी बाटली काठोकाठ भरून दिवसभरात दोऱ्यापर्यंतच घ्यायची. दर गुरुवारी ओट्यावरून परत गेलं की दोरा थोडा वर सरकवायचा, म्हणजे रोजची थोडी कमी होते. बाटली गंगाबाईने सांभाळायची.

त्या थंडीत विजयमालाने फार सोसलं, पण ते सोसणंही तिला दुसऱ्या कोणाचं तरी वाटे. घामाने उशी भिजे. भिंतीवरून मुंग्यांची रांग चाललेली दिसे आणि बोट लावलं की मुंग्या नसत. गंगाबाई तिला भाताची पेज भरवी, लिंबाचं सरबत देई, आणि दोरा सरकवताना तिच्याकडे बघत नसे. प्रतापसिंहरावांना थंडीताप आहे असं सांगितलं होतं. ते दाराशी येऊन उभे राहत, काही लागतं का विचारत, आणि जात.

होळीच्या सुमाराला एका गुरुवारी ती ओट्यावर बोलली. तिची पाळी आली, नेहमीप्रमाणे मान हलवायची, त्याऐवजी तोंडातून शब्द आले. ते तिनेही बाकीच्यांबरोबरच ऐकले.

"मला बाळ झालं होतं," ती म्हणाली. "गेलेलंच झालं. मुलगा होता की मुलगी, मला माहीत नाही. मी विचारलं नाही."

शेंगा सोलणारे हात थांबले. मग मंदाकिनीबाई म्हणाल्या, "ऐकलं, बेन." सगळ्या म्हणाल्या. गंगाबाईच्या तोंडून मात्र शब्द निघाला नाही.

परतताना दमणी पुलावर चढली तेव्हा गंगाबाईने पडद्याकडे बघतच सांगायला सुरुवात केली. "मुलगी होती, बाईसाहेब. केस दाट होते. तुमच्या सासूबाईंनी स्वतः न्हाऊ घातलं, अंगात ताप होता तरी. माझ्याकडे दिली नाही. म्हणाल्या, घरातली आहे, मीच घालते."

"कुठं नेलं?"

"नदीकाठी. अलीकडच्या बाजूला चिंच आहे, तिथं. रावसाहेबांनी नेलं. गडी बरोबर होता, पण त्यांनी कोणाच्या हातात दिलं नाही."

विजयमालाने पडदा सरकवला नाही. रडू येईल असं तिला वाटलं, तिने वाट पाहिली, पण आलं नाही. आपले हात मांडीवर उपडे पडले आहेत आणि ते आपलेच आहेत, एवढं तिला समजलं. दमणी पूल उतरून गावात शिरली. चांपानेर दरवाजाशी कोणीतरी भजी तळत होतं आणि त्याचा वास आत आला. किती तरी वर्षांत तिला कशाचा वास आला नव्हता.

दमणी दर गुरुवारी कुठे उभी असते हे फार दिवस लपण्यासारखं नव्हतं. फरासखान्यातले दत्ताजीराव यांचा अकोट्याला मळा होता. त्यांनी एकदा सहज प्रतापसिंहरावांना सांगितलं की तुमच्या घरची गाडी धोबिणी बसतात त्या ओट्यापुढे दिसते. त्या संध्याकाळी प्रतापसिंहराव माडीवर आले. पानाचा डबा उघडून बसले, पण पान लावलं नाही.

"गाडी दत्ताच्या देवळाशी थांबत नाही म्हणे."

"नाही थांबत," विजयमाला म्हणाली.

"मग कुठं जाता तुम्ही?"

"अकोट्याला मंदाकिनीबाई म्हणून आहेत. नर्स होत्या. त्यांच्या ओट्यावर बायका बसतात."

"कसल्या बायका?"

"दारू पिणाऱ्या," ती म्हणाली. "मी पिते, म्हणून जाते."

हा शब्द त्या घरात नवरा-बायकोत पहिल्यांदा उच्चारला गेला. छत कोसळलं नाही. खाली गडी अंगण झाडत होता, त्याचा खराटा वाजत राहिला. प्रतापसिंहरावांनी पानाचा डबा मिटला.

"तुमचं ते औषध आहे," ते म्हणाले.

"होतं. तेव्हा होतं."

त्यांनी मुंबईहून डॉक्टर आणण्याचं काढलं. घरी येईल, हवं तितके दिवस राहील, कोणाला कळणार नाही.

"कोणाला कळू नये म्हणूनच इतकी वर्षं चाललं," विजयमाला म्हणाली.

ते रागावले नाहीत. रागावले असते तर तिला सोपं गेलं असतं. मग त्यांनी हलक्या आवाजात सांगितलं की दमणी अकोट्याला जाणार नाही. काटकरांचं नाव गावात आहे. ती बरं म्हणाली. ते उठले, दारापर्यंत गेले, आणि तेव्हा ती मागून म्हणाली, "मुलगी होती, असं गंगाबाईने सांगितलं. आपण नेलंत."

प्रतापसिंहराव वळले नाहीत. दाराच्या चौकटीवर हात ठेवून उभे राहिले.

"तुम्ही कधी विचारलं नाहीत," ते म्हणाले. "मला वाटलं, तुम्हाला ऐकायचं नसेल."

आणि जिना उतरून गेले.

पुढच्या गुरुवारी दमणी दारात नव्हती. विजयमालाने डोक्यावरून शेला घेतला, गंगाबाईला हाक मारली आणि चालत निघाली. काटकरांची सून दिवसाउजेडी रस्त्याने चालते आहे हे बघायला समोरच्या दुकानातला सराफ गादीवरून उठून उभा राहिला. तिला लाज वाटली नाही. धीट वाटलं असंही नाही. दगड टोचत होते, सवय नव्हती, तिकडेच तिचं लक्ष होतं. पुलावर पोचेपर्यंत टाचेला फोड आला होता. अकोट्याला मंदाकिनीबाईंनी काही न विचारता तो सुईने फोडला, तेल लावलं आणि चिंधी बांधली. त्या गुरुवारी तिच्या पाळीला ती म्हणाली, चालत आले. ऐकलं, बेन.

ती चालतच जात राहिली. प्रतापसिंहरावांनी मनाई केली नाही की परवानगी दिली नाही. काही दिवसांनी तिच्या खोलीच्या दाराशी नव्या, मऊ चामड्याच्या वहाणा ठेवलेल्या दिसल्या. कोणी ठेवल्या हे तिने विचारलं नाही. घालून गेली.

उन्हाळ्यात दोरा बाटलीच्या गळ्याशी पोचला, आणि एके दिवशी गंगाबाईने बाटली विसळून आडाशी उपडी ठेवली. मधे एकदा विजयमाला घसरलीही. चुलतदिराच्या लग्नाला पादऱ्याला गेली होती. विधवेच्या रिकाम्या कपाळाकडे बघावं तसं तिच्या रिकाम्या कुशीकडे पाहून तिथल्या बायकांनी पदर मागे ओढून घेतले, आणि परत येऊन तिने गंगाबाईच्या नकळत गाडीवानाकडून पिठ्यावरची मागवली. दोन दिवस ती उठली नाही. तिसऱ्या दिवशी गुरुवार होता. ती गेली, सांगितलं, आणि बाकीच्यांनी ऐकलं. तिला वाटलं होतं, कोणीतरी निदान तोंड फिरवील. रेवाने फक्त शेंगांची रास तिच्याकडे सरकवली.

पुढच्या पावसाळ्यात विश्वामित्रीला पूर आला. नदी पुलावरून वाहिली, अकोट्याचा रस्ता तुटला, गावातल्या सखल भागातली घरं गेली. पाणी उतरेपर्यंत पलीकडची काही बातमी नव्हती. त्या दिवसांत गुरुवारी विजयमाला आणि गंगाबाई दोघीच स्वयंपाकघरात बसल्या. सोलायला काही नव्हतं म्हणून तांदूळ निवडले. एक बोलली, दुसरीने ऐकलं.

पूल मोकळा झाला तशा दोघी गेल्या. मंदाकिनीबाईंचं घर जमिनीला मिळालं होतं. लिंबाचं झाड उभं होतं, ओट्याचा एक कोपरा उभा होता, बाकी चिखल. मंदाकिनीबाई शेजाऱ्यांच्या माळ्यावर राहिल्या होत्या. त्या चिखलात उभ्या राहून आपलं एक पातेलं शोधत होत्या. रेवा त्यांच्या शेजारी होती. चिमणाबाईचा पत्ता नव्हता. पादऱ्याची गाडी बंद होती. पुढे गाडी सुरू झाली तरी ती आली नाही, आणि तिचं काय झालं ते कोणाला कधी कळलं नाही.

"आता कुठं बसायचं," रेवा म्हणाली. ती विचारत नव्हती, नुसतं म्हणत होती.

"आमच्याकडे या," विजयमाला म्हणाली.

तिने हे आधी ठरवलं नव्हतं. बोलून झाल्यावर ती पातेलं शोधायला वाकली. गंगाबाईने मात्र तिच्याकडे बघितलं ते बघतच राहिली.

संध्याकाळी तिने प्रतापसिंहरावांना सांगितलं. गुरुवारी दुपारी खालच्या बैठकीत बायका येतील, त्यात धोबीण आहे, कुंभारीण आहे, मंदाकिनीबाई आहेत. मंदाकिनीबाई काही दिवस राहतीलही, त्यांना घर नाही. पुरामुळे फरासखान्यातले तंबू निराश्रितांना वाटण्याचं काम त्यांच्याकडे होतं, ते थकून आले होते. ते पायावर पाणी घेत होते ते थांबले.

नाही म्हणणार असं तिला वाटलं. ते म्हणाले, "खाली बसतात की खुर्चीवर?"

"खाली."

"किती जणी?"

तिने सांगितलं. त्यांनी मान डोलावली आणि दुसरा पाय धुतला.

गुरुवारी ते लवकर कामाला गेले. बैठकीत जुना पटका आणि तलवार टांगलेल्या भिंतीखाली पांढरं जाजम अंथरलेलं होतं. तिने आत येऊन पाहिलं, ते चारी बाजूंनी सारखं ताणलेलं होतं. बायका आल्या त्या पायरीशी थबकल्या. रेवा तर गटाराच्या पलीकडेच उभी राहिली. समोरचा सराफ बघत होता. विजयमाला उंबरठा ओलांडून बाहेर आली, रेवाचा हात धरला आणि तिला आत घेऊन आली. रेवाचा हात पाण्याने सोललेला, खरखरीत होता. बराच वेळ तो तिच्या हातात राहिला.

गावात बोलायचं ते लोक बोलले. काही घरांची हळदीकुंकवाची बोलावणी बंद झाली. मग वर्षा-दोन वर्षांनी त्यातल्याच एका घरची सून दुपारी चिकाच्या पडद्याआडून आत आली आणि दाराशी बसली. मंदाकिनीबाई काटकरांच्या मागच्या खोलीत शेवटपर्यंत राहिल्या. रेवाची शेवटपर्यंत पूर्ण सुटली नाही, पण तिने गुरुवार कधी चुकवला नाही. गंगाबाई गेली ती न पिता गेली, झोपेत. विजयमालाने तिला स्वतः न्हाऊ घातलं.

तिचं स्वतःचं मात्र लोकांना वाटतं तसं झालं नाही. दारू सुटल्यावर आनंद झाला, डोळे उघडले, असलं काही नाही. कापसाची गादी होती ती तशीच उभी राहिली, फक्त तिला कुठे कुठे भोकं पडत गेली. आधी वास आले. मग भूक. मग एका सकाळी गाडीवानाने बैलाला उगीच मारलं म्हणून ती इतकी संतापली की स्वतःच दचकली. रडू आलं ते फार उशिरा, आणि तेही कारण नसताना, गहू वाळत घालताना. प्रतापसिंहराव तिथेच होते. काय झालं असं त्यांनी विचारलं नाही. गव्हाची दुसरी बाजू ते पसरत राहिले.

पुष्कळ वर्षांनी एका गुरुवारी एका नव्या मुलीने तिला विचारलं. मुलगी शिकलेली होती, नवरा मोठ्या हुद्द्यावर, आणि तिला सगळं लवकर व्हायला हवं होतं. ती म्हणाली, "बाई, सोडल्यावर बरं वाटतं का हो?"

विजयमालाने विचार केला. खोटं बोलायची तिथे रीत नव्हती.

"वाटतं," ती म्हणाली. "बरं की वाईट, ते रोजचं निराळं. पण वाटतं."

मुलीला ते पुरेसं वाटलं नसावं. विजयमाला गुडघ्यावर हात टेकून उठली आणि सगळ्यांसाठी चहाचं आधण ठेवायला आत गेली.